पाळमायचा उजवा पाय

मागच्या जन्मी मी घोडा चोरला होता. हे मले गेल्या गुरुवारी सकाळी समजलं, चाहाचा पहिला घोट घेता घेता.

आता पयल्यापासून सांगते. मी मनकर्णा, मोहहेटीची. आमचं गाव ढिवराईचं, गावापेक्षा तलावच मोठा. बाप्ये डोंगे घेऊन पान्यात जातेत, मी परसात बसून जाळे विनते. दोन वर्साची असतानी ताप आला आन् डावा पाय वाळला, तो अजून तसाच हाये. कुबडी घेतल्याबिगर उभं राहता येत नाई. सरकारनं कार्ड देल्लं, त्यावर साठ टक्के लिहून हाये. बाकीची चाळीस टक्के सारी जिभेतच हाये, असं आमचा नानाजी म्हनते. नानाजी माहा लहान भाऊ. लगन त्याचं झालं, माहं नाई झालं. मंग मी आईजवळच राह्यली.

तलावाच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, आमची पाळमाय. हातभर उंचीची दगडाची मूर्ती, वरून शेंदूरच शेंदूर. माहा पनजोबा डोमा, त्याच्या जाळ्यात ते सापडली. मोठी मासोळी लागली म्हनून त्यानं जाळं ओढलं, त चिखलानं भरलेली देवी. माय आपल्या पायानं आमच्या घरी आली, असं गाव म्हनते. तवापासून दर वैशाखात पानी उतरलं का शेंदूर लावाचा, आन् मंगच मोठी जाळी पान्यात टाकाची. शेंदराचा मान आमच्या घरच्या बायाईचा. दोन बाया लुगडं आडवं धरतेत, आन् आमच्या घरची बाई त्या लुगड्याआड बसून शेंदूर लावते. उघड्या अंगाच्या मायले कोनी पाहू नये, म्हनून लुगडं. असं सारे समजतेत.

खरी गोष्ट वेगळीच हाये. ते माह्या आईनं, देवकाबाईनं, मले सोळा वर्साची असतानी सांगतली. लुगड्याआड माहं बोट धरलं आन् मायच्या उजव्या पायावर ठेवलं. म्हने, "इथी दाबू नोको. इथी दगड नाई."

पाळमायले उजवा पायच नाई. गुडघ्याखालून तुटेल. पनजोबाच्या बायकोनं चिखल धुतला तवा तिले दिसलं. डोंग्याच्या फटी बुजवाची राळ घरात होतीच. तिनं तेच राळ भरून पाय केला, वरून शेंदूर माखला आन् मंगच देवी गावाले दाखवली. काऊन त मोडकी मूर्ती पुजत नसतेत, बुडवतेत, हे तिलेबी मालूम होतं. चार पिढ्या आमच्या घरच्या बायाईनं हे पोटात ठेवलं. आई म्हने, "तिचा उजवा नाई, तुहा डावा नाई. तू तिची जोडीदारीन हाएस." आईले काहीबी बोलाची सवय होती. पन मले ते बरं वाटलं होतं, खोटं काऊन सांगू.

पुसात आई गेली. औंदाचा शेंदूर माह्या हातचा पयला होता.

आन् औंदाच गावानं मायले नवं मंदिर बांधलं, टाइलावालं. मूर्ती बसवाले चंद्रपूरवरून सुरेंद्र महाराज आनले. पस्तीशीचा मानूस, जाड भिंगाचा चष्मा, दोन थैल्या भरून पोथ्या. समाजमंदिरात उतरले. बुधवारी पाळीवर बैठक झाली. महाराज म्हटले, सोमवारी जुना शेंदूर सगळ्यांसमोर पूर्ण उतरवायचा, देवीला स्नान घालायचं, मग नवा शेंदूर, मग स्थापना.

"शेंदूर कोण लावणार?" त्याईनं विचारलं.

"माही बहीन," नानाजी म्हटला.

महाराजानं माह्याकडे पाह्यलं. माह्याकडे म्हंजे माह्या पायाकडे. मंग हळूच म्हटले, "देवीच्या अंगाला हात लावणारी व्यक्ती अव्यंग असावी. शास्त्र आहे. राग मानू नका, बाई."

मी नानाजीकडे पाह्यलं, नानाजीनं मातीकडे पाह्यलं. मंग कोनीतरी म्हटलं, उर्वशी करन. उर्वशी म्हंजे नानाजीची बायको. सारे हो हो म्हटले. ज्याईचे फाटके जाळे मी तीस वर्सापासून गाठी मारून सांधून राह्यली, तेच हो म्हटले. मले लय रडू आलं. पन रडाच्या आधी राग आला, माह्या रागाले नेहमीच घाई असते. कुबडी घेतली आन् घरी आली.

घरी आल्यावर मंग मायचा पाय आठवला. उर्वशी मनाची वाईट नाई, पन तिच्या पोटात शब्द ठरत नाई. सकाळी वरनात मीठ जास्त झालं त दुपारी बस स्टॉपवर मालूम असते. आन् इथी त पोटात ठेवाचं कामच नाई, सोमवारी शेंदूर साऱ्याईसमोरच उतरनार. राळ निघन, पाय दिसन. मंग शास्त्र माह्यापाशी थांबनार नाई, मायपाशीबी जाइन. मले शेंदरापासून उठवलं तसं तिले पाळीवरून उठवतीन.

मी विचार केला, जे शास्त्र आमा दोघीले उठवून राह्यलं, ते एकडाव पाहाव त खरं.

गुरुवारी सकाळी चाहा भरलेला गंज आन् दोन कप घेऊन समाजमंदिरात गेली. महाराज पूजा करून बसले होते.

मी म्हटलं, "महाराज, कुठी लिहून हाये ते दाखवा."

"तुम्हाला संस्कृत कळत नाही, बाई."

"मी चवथी पास हाओ. पन तुमी बोट ठेवून दाखवा न जी. बोट त समजते मले."

मानूस हासला. मले वाटलं हाकलन, त त्यानं थैलीतून पोथी काढली, आन् खरंच बोट ठेवलं. आंगहीन मानसाले यज्ञाचा अधिकार नाई, असं तिथी लिहून होतं.

"काऊन नाई?"

"कारण दिलेलं नाही."

"आन् पाय काऊन जाते मानसाचा? ते देल्लं हाये का?"

त्याईनं जरा पानं उलटवली. सांगू का नोको सांगू, असं तोंड झालं. मंग म्हटले, "मागच्या जन्मीचं पाप. इथं म्हटलंय, जो घोडा चोरतो तो पुढच्या जन्मी पांगळा होतो."

माह्या तोंडातला चाहा नाकात गेला.

"घोडा?"

"घोडा."

"अवो महाराज, आमच्या सात पिढ्याईत घोडा कोनी पाह्यला नाई. ढिवरानं घोडा चोरून ठेवावा कुठी? डोंग्यात?"

महाराज हासू दाबत होते, मले दिसलं. म्हटले, "मागच्या जन्मी तुम्ही ढिवर होत्या असं थोडंच आहे."

"मंग घोडा कसा होता, काळा का पांढरा, हे त लिहून असन."

"नाही," म्हटले. "ते नाही लिहिलं."

पन मानूस सच्चा. मी विचारलं तसं त्यानं सारं वाचून दाखवलं, लपवलं काहीच नाई. एका जागी लिहून होतं का जन्माच्या आंधळ्याले, पांगळ्याले बापाच्या शेतात वाटा नाई, नुसतं पोटाले द्या. मी म्हटलं, "हे नानाजीले नोको सांगजा." दुसऱ्या जागी लिहून होतं का राजानं पांगळ्याकडून कर घेऊ नये. हे मले पटलं. आन् तिसऱ्या जागी, त्याच पोथीत, का ज्याले आंग कमी हाये त्याले त्यावरून टोचून बोलू नये.

"घ्या," मी म्हटलं. "बुधवारी चारचौघात कोन बोललं मंग?"

महाराजानं पोथी बाजूले ठेवली. चष्मा काढून पुसाले लागले.

"मी टोचून नाही बोललो, बाई."

"नाई जी, तुमी लय गोड बोलले. पन मले टोचलं." मी कप गोळा केले. "आन् हे चष्म्याचं काय? याच्याबिगर तुमाले पोथी दिसते का?"

"नाही."

"मंग तुमचे डोळे अव्यंग हायेत का?"

आता ते खो खो हासले. म्हटले, "बाई, हा प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता." हासले, पन सोमवारचं काही बदललं नाई. तरी मी उठून चालली त मांगून म्हटले, "शनिवारी या. मलाही पाहायचं आहे अजून काय काय आहे ते."

शनिवारी गेली त त्याईनंच चाहा मांडला होता. पोथ्या उघड्या, त्यात कागदाच्या चिट्ठ्या. मानूस इतका रंगला होता का माह्याआधी तेच बोलाले लागले.

"सूर्याचा सारथी माहीत आहे? अरुण. त्याला मांड्याच नाहीत. आईनं अंडं घाईनं फोडलं, अर्धवट जन्मला. रोज सूर्याचा रथ तोच हाकतो."

"बिनपायाचा?"

"बिनपायाचा. शनिदेव लंगडत चालतो. गणपतीचा एक दात मोडका."

मी हिशोबच लावून पाह्यला. रथ, ग्रह आन् पयल्या पूजेचा देव. "मंग देवाईत चालते, मानसाईत काऊन चालत नाई?"

"तेच पाहतोय. इथं जुन्या पंडितांचा वाद सापडला. एक म्हणतो, पांगळ्याला अधिकार नाही. दुसरा म्हणतो, बरं होण्यासारखं व्यंग असेल तर आहे. तिसरा म्हणतो, नेहमीच्या पूजेत जमेल तेवढं करावं, देव चालवून घेतो. दोन हजार वर्षं भांडतायत."

"त्या तिघाईत लंगडा कोन होता?"

महाराजानं चिट्ठी ठेवली. "बहुतेक कोणीच नाही."

"तेच त," मी म्हटलं. "जाळ्याची गोष्ट ज्यानं जाळं विनलं त्याले विचाराव."

त्याईनं मान हालवली आन् कायतरी लिहून घेतलं. माहं बोलनं कोनी लिहून घेतलं, असं छप्पन्न वर्सात पयल्यांदा झालं. मले ते इतकं आवडलं का मी जवळजवळ सारं सांगून टाकत होती. पन आईनं बोट धरून सांगतलेलं आठवलं. मंग आडून विचारलं.

"महाराज, एखांदी मूर्ती मोडकी निघाली त?"

"खंडित? तिची पूजा करत नाहीत. खोल पाण्यात विसर्जन."

"यात वाद नाई का पंडिताईचा?"

"यात नाही. का?"

"असंच विचारलं," मी म्हटलं आन् निंगाली. अर्धा चाहा कपातच राह्यला.

आयतवारभर मी जाळं विनलं. एकबी गाठ बरोबर बसली नाई. दोन रस्ते होते. चूप राहाव, उर्वशीच्या हातानं राळ निघन, साऱ्या गावाले वाटन का आमच्या घरच्या बायाईनं चार पिढ्या गाव फसवलं. नाई त आपनच सांगाव, आईचा शब्द मोडाव. आईवर लय राग आला. लंगड्या मानसावर इतकं ओझं टाकून जाते का कोनी! मंग रडली. मंग विचार केला, माय पान्यातून आली तवा आमच्याच घरच्या बाईनं तिले पाय देऊन साजरी केली, आता जाते त बी तिची राळ आमच्याच हातानं निघाली पायजे. परक्या हातानं नाई.

सोमवारी पाळीवर सारं गाव. बाया नव्या लुगड्यात, बाप्याईनं डोंगे काठाले लावून ठेवलेले. मायसमोर, नव्या मंदिराच्या टाइलावर, पाट मांडला होता, बाजूले शेंदराची वाटी, तेल, गरम पानी. उर्वशी नटून थटून उभी, पन तोंड उतरलेलं. मले पाहून म्हटली, "बाई, मी नाई म्हनत होती. यायनंच..." आन् डोळे पुसाले लागली. मनाची वाईट नाई, म्हटलं न.

"सरक," मी तिले म्हटलं. मंग पाटावर जाऊन बसली आन् पाय लांब केला, तो दुमडतच नाई.

"बाई," नानाजी म्हटला, "महाराजानं सांगतलं न..."

"महाराजानं शेंदूर लावाले नाई म्हटलं, उतरवाले नाई म्हटलं नाई. चूप बैस."

कोनीतरी लुगडं धराले आलं. मी म्हटलं, आज नोको. गाव पाह्यलं पायजे.

गरम पानी टाकत गेली, नखानं, शिंपल्यानं शेंदूर काढत गेली. शंभर वर्साचा थर, पापुद्र्यावर पापुद्रा. खांदा निंगाला, हात निंगाला. काळा दगड, त्यावर बारीक दागिने कोरलेले, आमी कोनीच कधी पाह्यले नव्हते. बाया जवळ सरकल्या. मंग मी उजव्या पायापाशी आली. तिथी शेंदराखाली राळ लागली, डोंग्याची, मधाच्या रंगाची. साऱ्या ढिवराईनं ओळखली. मी शिंपला घातला आन् राळ एका तुकड्यानं निंगून माह्या हातात आली.

पाय नव्हता, गुडघ्याखाली कोरा तुटका दगड.

मी सांगतलं. पनजोबाची बायको, राळ, लुगडं, आईनं धरलेलं बोट, सारं. "फसवलं म्हना त म्हना. आमी तिले वाचवली."

मंग गलका झाला. नानाजी माह्याकडे पाहत राह्यला, जसा का मी त्याची बहीनच नाई. एक म्हातारी म्हने, म्हनूनच त पावते. एक बाप्या म्हने, म्हनूनच त औंदा मासोळी कमी. महाराज खाली वाकले, तुटका दगड हातानं चाचपला, चष्मा वर केला, पुन्हा चाचपला.

"बाई," ते हळू म्हटले, "ही मूर्ती तुमच्या पणजोबांच्या जाळ्यात आपोआप आली नाही. कोण्या जुन्या देवळात हिचा पाय मोडला असेल. त्यांनी शास्त्राप्रमाणे तलावात विसर्जन केलं. आणि तुम्ही..."

"आमी काढली," मी म्हटलं.

हे माह्याबी ध्यानात कधी आलं नव्हतं. माय आपल्या पायानं आली, असं चार पिढ्या गात होतो आमी. तिले त पाय नाई म्हनूनच टाकलं होतं. सारं लंगडं आयुक्ष माह्या डोळ्यासमोर आलं, शाळेचं, लगनाचं, बुधवारचं.

नानाजीनं भीत भीत विचारलं, "महाराज, मंग पुन्हा विसर्जन करा लागन का?"

महाराज काही म्हनाच्या आधी मी बोलली. जीभ आवरतच नाई माही.

"करा. बुडवा. खोल पान्यात बुडवा. पन तलाव हाच हाये न? पुढच्या वैशाखात बाप्ये जाळं टाकतीन, ते पुन्हा येइन. पुन्हा बुडवा, पुन्हा येइन. जाळं माह्या हातचं हाये महाराज, त्यातून काही सुटत नाई."

काठावरचा एक ढिवर हासला. मंग दुसरा. मंग सारी पाळ हासाले लागली, नानाजीबी, डोळे पुसत पुसत.

महाराज हासले नाई. त्याईनं थैलीतून पोथी काढली, चिट्ठी होती तिथी उघडली. "शनिवारी तुम्ही गेल्यावर मला राहवलं नाही. तुम्ही उगाच विचारणाऱ्या नाही. शोधलं, आज पहाटे सापडलं. मी म्हटलं होतं यात वाद नाही, ते चुकलं माझं." मंग गावाकडे पाहून मोठ्यानं म्हटले, "शंभर वर्षं पुजलेली मूर्ती खंडित असली तरी टाकू नये, असं इथं लिहिलं आहे. पाळमाय इथंच राहील."

बायाईनं हात जोडले. उर्वशी त मोठ्यानं रडलीच. माह्या छातीवरचं ओझं उतरलं, पन अर्धंच. कारन महाराजानं शेंदराची वाटी उचलली होती आन् ते इकडेतिकडे पाहत होते, कोनाच्या हातात द्याची ते.

"महाराज," मी म्हटलं, "देवीले शंभर वर्साची सूट. आन् मानसाले?"

ते माह्याकडे वळले.

"मी छप्पन्नची हाओ. अजून चव्वेचाळीस वर्सं वाट पाहू का?"

कोनी हासलं नाई आता. महाराज वाटी घेऊन उभे, बोटाले शेंदूर लागलेला. कधी पोथीकडे पाहत, कधी मायच्या तुटक्या पायाकडे, कधी माह्या. मले वाटलं, आता म्हनतीन का लिहून नाई.

"लिहिलेलं नाही," ते म्हटले. मंग पोथी मिटली, खाली बसले, माह्या बरोबरीनं, टाइलावर, आन् वाटी माह्या हातात देल्ली. "पण मला तुमचं म्हणणं लिहायचं आहे. पुढं कोणी शोधलं तर सापडावं."

मी शेंदूर तेलात कालवला. कपाळाले लावला, खांद्याले लावला, आई लावे तसा, वरून खाली. नानाजीनं राळेचा तुकडा माह्यापुढं केला, म्हटला, "बाई, पाय बसवून दे पयले."

मी तो तुकडा पदरात बांधला. आईनं, आजीनं, पनआजीनं भीत भीत भरला होता, त्याईचं बरोबरच होतं. मी नाई भरला. तुटक्या दगडालेच शेंदूर लावला, चांगला जाड. मंग हात पुसले आन् बाप्याईले म्हटलं, उठा, जाळे टाका.